विमानाने पोळा फोडला ते वर्ष

तारा आणि कबीर,

गेल्या रविवारी कबीरने पाठवलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. छोटंसं पांढरं विमान गवताच्या मैदानावर येतं, दोन उड्या मारतं, थांबतं, आणि आतून कबीर दात दाखवत हात हलवतो. खाली लिहिलं होतं, 'आजी, घाबरू नकोस, गवतावर उतरायला शिकलो.' मी घाबरले नाही. गवतावर विमान कसं उतरतं आणि कसं उतरत नाही, हे दोन्ही मी तुमच्या आईच्या जन्माआधी पाहिलेलं आहे. तारा, तू मागच्या डिसेंबरात इथे बुलढाण्याला आली होतीस तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत विचारलं होतंस, की आजी, तू जन्मापासूनच अशी आहेस का? मी हो म्हणाले. ते खरं नव्हतं. तुम्हा दोघांच्या बोलण्याचं उत्तर एकच आहे, आणि ते नीट क्रमाने सांगू शकणारी आता मी एकटीच उरले आहे. तेव्हा लिहून ठेवते.

आमचं गाव धामणगाव बढ्याच्या पलीकडचं. तुम्ही नकाशावर शोधू नका, तिथे फक्त रस्त्याचं वळण दिसतं. गावाच्या उत्तरेला गायरान होतं, लांबट आणि सपाट, आणि त्याच्या थेट वरच्या टोकाला दोन कडुनिंबांखाली मारुतीचं देऊळ. माझे बाबा गावातल्या शाळेचे हेडमास्तर. आम्ही गावाच्या खालच्या अंगाला राहायचो. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली बाबांचं पुस्तकांचं कपाट, आणि मागच्या अंगणात चांद्या आणि भुऱ्या. चांद्याच्या कपाळावर पांढरा चांद होता म्हणून तो चांद्या. भुऱ्या नुसताच भुरा. शेत बाबांच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या ताब्यात होतं, बैलही तिचेच. बाबांना बैलाला साधं पाणी दाखवायचं असलं तरी ती शेजारी उभी राहायची.

घराचा दिवस आवाजांवर चाले. पहाटे आजीचं बैलांशी बोलणं, मग आईच्या जात्याची घरघर, मग बाबांचं इंग्रजी वर्तमानपत्राचं मोठ्याने वाचन. वर्तमानपत्र मलकापूरहून एक दिवस उशिरा यायचं, पण बाबा ते ताज्या बातमीच्या सुरात वाचायचे आणि मला एकेक परिच्छेद पुन्हा वाचायला लावायचे. मी ज्वारीच्या भाकरीचा घास तोंडात ठेवून परराष्ट्र धोरण वाचत असे. आजी म्हणायची, "त्या पोरीले आधी घास तर गियू दे." तर इंग्रजी माझ्याकडे हे असं आलं, अंबाडीच्या भाजीसोबत.

मी मॅट्रिक झाले आणि घरी बसले. मला अमरावतीला कॉलेजात जायचं होतं. बाबांचीही इच्छा होती, पण आमच्या भागातून एकही मुलगी तोपर्यंत शिकायला बाहेर राहिलेली नव्हती, आणि नातेवाईक येता-जाता बाबांना धाक घालत. बाबा 'बघू' म्हणत. बाबांचं 'बघू' म्हणजे नाही नव्हे, हो सुद्धा नव्हे. तेवढ्यात त्या पावसाळ्यात विमान आलं.

त्या काळात कपाशीवर विमानातून औषध फवारायची टूम निघाली होती. आमच्या भागासाठी विमान उतरवायची जागा म्हणून गायरान ठरलं. बोरीबाभळी तोडल्या, शाळेच्या पोरांनी महिनाभर दगड वेचले, कडेने चुन्याची रेघ मारली, बांबूवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी टांगली. मैदानाची देखरेख कोणाकडे द्यायची यावर ग्रामपंचायतीत वाद झाला. पाटील म्हणाले, "मास्तरले विमानातलं काय समजते?" तालुक्याच्या साहेबांनी विचारलं, सूचनांचं इंग्रजी पत्रक वाचता कोणाला येतं? मग देखरेख बाबांकडे आली. पाटलांनी ते मनात ठेवलं. बाबांनीही ठेवलं, पण वेगळ्या कप्प्यात.

पत्रकात मुख्य नियम खुणेचा होता. मांजरपाटाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या मिळाल्या होत्या, प्रत्येकी वीस हात लांब, कोपऱ्यात सरकारी शिक्का. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर तिरप्या टाकून फुली केली, तर मैदान बंद. एकच पट्टी सरळ टाकली, तर मैदान मोकळं, उतरा. काहीच टाकलेलं नसेल, तर वैमानिकाने परत जायचं. दुसरा नियम बाबांनी स्वतः केला: विमानाचा आवाज आला की शाळेची घंटा तीन ठोके देणार, आणि ती ऐकताच माणसांनी आणि जनावरांनी मधलं गवत सोडून दोन्ही बाजूंना, चुन्याच्या रेघेबाहेर उभं राहायचं. हे त्यांनी गावाकडून इतक्या वेळा घोटून घेतलं, की महिन्याभरात घंटा झाली की गायरानातल्या म्हशीसुद्धा बाजूला होऊ लागल्या.

पट्ट्या टाकायचं आणि त्याची नोंद ठेवायचं काम बाबांनी मला दिलं. निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "निर्मला, हंगाम संपेपर्यंत हे सांभाळ. एक खाडा नको, एक खोटी नोंद नको. मग पुढच्या जूनमध्ये अमरावती. मग कोणी काही म्हणो." मी ते रजिस्टर रात्री उशाशी घेऊन झोपत असे. रोज दुपारी बारा वाजता, विमान येणार असो वा नसो, खूण टाकायची आणि लिहायचं: 'बारा वाजता खूण टाकली. नि.'

वैमानिक होते कॅप्टन चाको, केरळचे, काळेसावळे, किडकिडीत, बोलायला गोड. गाव त्यांना कप्तान म्हणे. ते पहाटे वारा पडलेला असताना फवारणी करत, परत येत, पंखांखालच्या सावलीत सतरंजी टाकून आमच्या घरचा चहा पीत आणि माझ्या इंग्रजीतल्या चुका दुरुस्त करत. विमान लहान होतं, पिवळं, आणि उतरताना शिंक आवरत असल्यासारखा आवाज करायचं. पोळ्याच्या आधी काही दिवस ती शिंक खोकल्यावर गेली, आणि कॅप्टन दुरुस्तीसाठी विमान घेऊन अकोल्याला गेले. जाताना सांगून गेले की पोळा होऊन आठवडा तरी लागेल. बाबांनी त्यांना बजावलं की पोळा याच गायरानात भरतो, त्या दिवशी मैदान बंद. 'फुली टाकून ठेवा,' ते हसून म्हणाले, 'मी येणार नाहीच.'

आता आमच्या गावच्या पोळ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुपारनंतर सगळ्या बैलजोड्या सजवून गायरानात नेत. वर मारुतीच्या देवळापुढे दोन उंच बांबू रोवून आंब्याच्या पानांचं तोरण आडवं बांधलेलं असे. जोड्या गावापासून देवळाकडे तोंड करून एकामागे एक उभ्या राहत. सगळ्यांत पुढे, तोरणाखाली, पाटलांची जोडी. ती तोरण ओलांडून गेली, की पोळा फुटला. मग बाकीच्यांनी ओळीने देवळाला फेरी मारून गावात परतायचं. पाटलांचा बैल आधी पाटलांच्या दारात जाई, पाटलीणबाई त्याला ओवाळून पुरणपोळी चारत, त्यानंतर गावातल्या घरोघरी पूजा. आमची जोडी ओळीत सगळ्यांत शेवटी, गावाच्या बाजूला. अगदी शेवटी. का, ते विचारू नका, किंवा विचारा आणि तुमच्या आईला सांगायला लावा. बाबांनी पोळ्याला जाणं केव्हाच सोडलं होतं. ते त्या दिवशी शाळेत बसून वह्या तपासत. आजीचं मत वेगळं होतं. ती म्हणायची, ओळ माणसांची आहे, बैलानं काय घोडं मारलं? वर्षभर राबतो, एक दिवस त्यानं सजू नये? म्हणून ती चांद्या-भुऱ्याला घेऊन शेवटी का होईना उभी राहायची.

त्या वर्षी तिने शिंगं रंगवली, नवे कासरे आणले, घुंगरांच्या माळा घासल्या, आणि मग तिच्या लक्षात आलं की झूल उंदरांनी खाल्ली आहे. भुऱ्यासाठी तिचं लाल लुगडं निघालं. चांद्यासाठी काही नव्हतं. ती माझ्याजवळ येऊन बसली. मी पेटी आवरत होते आणि पेटीत पट्ट्या होत्या.

"निमे," ती म्हणाली, "हे कापड नुसतं पडून राह्यलं."

मी म्हणाले, सरकारी आहे. ती म्हणाली, ते दिसून राह्यलं, शिक्का हाये. मी म्हणाले, कापता येणार नाही. ती म्हणाली, कापाले कोण म्हणते? यासीन चाचा घडी घालून नुसती टाचून देईल, पोळा झाला की धागा ओढायचा, पुन्हा पट्टीची पट्टी. विमान अकोल्याला, कप्तान अकोल्याला, मग त्या फुलीले पाह्यते कोण? मी दाराबाहेर पाहिलं. मागच्या अंगणात चांद्या रंगवलेली शिंगं घेऊन उघड्या पाठीने उभा होता. मी एक पट्टी काढून दिली. दोन नाही, एकच. मला वाटलं, म्हणजे मी निम्माच नियम मोडते आहे.

यासीन चाचा आमच्या आळीच्या तोंडाशी बसणारे शिंपी. त्यांनी पट्टीच्या चार घड्या केल्या, कडेने आजीच्या दुसऱ्या लुगड्याचा लाल काठ लावला, चार कोपऱ्यांना गोंडे, आणि सगळं एका लांब धावदोऱ्यात टाचलं. शिक्का नेमका वरच्या बाजूला आला होता. ते म्हणाले, "रहने दे बेटा, सरकारी बैल लगेगा." चांद्या खरोखर सरकारी दिसला. पांढरीशुभ्र झूल, कपाळाला चांद, मागे शिक्का. आजी त्याच्याभोवती दोनदा फिरली. ती कोणाचंच तोंडावर कौतुक करत नसे, बैलाचंही नाही.

पोळ्याच्या दिवशी घरभर पुरणाचा वास होता. आई पाट्यावर पुरण वाटत होती, कढी उकळत होती, भज्यांचं पीठ भिजलेलं होतं. बारा वाजायला आले आणि मला रजिस्टर आठवलं. खूण टाकायला हवी. न टाकली तर खाडा. टाकली असं न टाकता लिहिलं तर खोटी नोंद. फुलीला दोन पट्ट्या हव्यात, एक चांद्याच्या अंगावर, आणि आजीला आता झूल सोड म्हणायची माझी छाती नव्हती. मी उरलेली पट्टी घेऊन गायरानात गेले. तिथे उभी राहून मी जो विचार केला तो मला अजून शब्दशः आठवतो: काहीच नसण्यापेक्षा अर्धी फुली बरी. मी ती एक पट्टी गवतावर टाकली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, सुरकुत्या काढल्या, अगदी सरळ केली, घरी आले आणि लिहिलं, 'बारा वाजता खूण टाकली. नि.' अक्षर छान आलं होतं.

तुम्ही म्हणाल, दोन काठ्या चुन्यात बुडवून दुसरी रेघ मारायची होतीस. हो. म्हणाल, अर्ध्या फुलीचा अर्थ उलटा होतो हे तू रोज वाचलेल्या पत्रकात होतं. तेही खरं. मी पुढे आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि एकाही विद्यार्थ्याला 'एवढं कसं सुचलं नाही' असं विचारलं नाही, त्याचं कारण ही दुपार आहे.

चारच्या सुमाराला गायरान भरलं. ढोल, डफडी, घुंगरं, बेगडाची बाशिंगं, आणि वर तोरणाजवळ झडत्या म्हणणाऱ्यांची चढाओढ, एकमेकांच्या बैलांची आणि मालकांची टिंगल करणारी ती जोडगाणी. मी आणि आजी ओळीच्या शेवटी चांद्या-भुऱ्याचे कासरे धरून. इतक्यात आकाशात शिंक ऐकू आली.

पुढचं सगळं अर्ध्या घटकेतलं आहे, पण मला ते सावकाश दिसतं. विमान पिवळं होऊन निंबांच्या वर आलं. मी पट्टीकडे पाहिलं. पट्टी सरळ होती, मीच केली होती. त्याच वेळी शाळेतून घंटेचे तीन ठोके ऐकू आले. बाबांनी आवाज ऐकला, वह्या टाकल्या, आणि धावत जाऊन घंटा वाजवली. आणि आमचं गाव, जे एरवी बाबांच्या सांगण्यावरून छत्रीसुद्धा मिटत नसे, ते सवयीने दोन्ही बाजूंना झालं. माणसं बाजूला, बैल बाजूला, ढोलवाले ढोल वाजवत बाजूला. पाटलांनी स्वतः कासरा ओढून आपली जोडी तोरणाखालून बाजूला काढली. मध्ये हिरवंगार मोकळं गवत, त्यावर स्वच्छ पांढरी पट्टी, दोन्हीकडे नटलेला गाव. वरून कॅप्टन चाकोंना जे दिसलं त्याला स्वागताशिवाय दुसरं नाव नव्हतं.

हिरव्या गवतावरचं हिरवं तोरण मात्र त्यांना दिसलं नाही.

विमानाच्या चाकांनी तोरण उचललं. दोरी पक्की होती, पाटलांच्या घरची, म्हणून तुटली नाही, दोन्ही बांबू मुळापासून उपटून मागे आली. विमान त्या बांबूंसकट खाली टेकलं, एका बाजूला ओढलं गेलं, चाक मोडलं, गोल फिरलं, आणि चुन्याची रेघ ओलांडून गायरानाच्या मोकळ्या कोपऱ्यातल्या म्हशींच्या डबक्यात नाक खुपसून उभं राहिलं. शेपूट वर, आंब्याची पानं गळ्यात. ढोल वाजतच होता, कारण थांबायचं ढोलवाल्याला कोणी सांगितलं नव्हतं. मग तो थांबला. त्या शांततेत कोणीतरी म्हातारा म्हणाला, "फुटला बे पोळा."

आणि तो खरोखरच फुटला. बैलांना विमानाची सवय होती, पण मागे बांबू खडखडवत येणाऱ्या विमानाची नव्हती. सगळ्या जोड्या एकदम वळल्या आणि गावाकडे सुटल्या. ओळ उलटी झाली. जी सगळ्यांत शेवटी होती ती सगळ्यांत पुढे. माझ्या हातातला कासरा कधी गेला कळलं नाही. मला फक्त चांद्याच्या पाठीवरचा सरकारी शिक्का दूर जाताना दिसला.

मी धावले डबक्याकडे. हे मी स्वतःच्या कौतुकासाठी लिहीत नाही. आत माणूस होता आणि तो माझ्या पट्टीमुळे होता. तिथवर पोहोचले तेव्हा यासीन चाचा कमरेइतक्या चिखलात उभे राहून कॅप्टनना पट्ट्यातून सोडवत होते. कॅप्टन बाहेर आले. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, गुडघ्यापर्यंत चिखल, बाकी धड. त्यांनी गावाकडे पाहिलं, पानांच्या माळेकडे पाहिलं आणि मला इंग्रजीत विचारलं की इतकं सुंदर स्वागत तुम्ही कशासाठी केलंत. विमानाची दुरुस्ती लवकर झाली होती, पोळा कोणत्या दिवशी हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं आणि आम्हाला चकित करायला ते न कळवता आले होते. मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, आनंदाचं.

गावात काय झालं ते मी नंतर ऐकलं, पण इतक्या जणांकडून ऐकलं की पाहिल्यासारखंच आहे. बैल भलभलत्या घरांत शिरले. भुऱ्या लाल लुगडं नेसून एका घरापुढच्या मांडवात उभा राहिला. आणि चांद्या, नेहमीच्या वळणावर न वळता, सरळ पाटलांच्या दारात गेला. पाटलीणबाई ताट घेऊन पहिल्या बैलाची वाट पाहत उभ्या होत्या. त्यांनी चांद्याला ओळखलं. गावात पांढरा चांद एकाच बैलाला होता. भोवतालच्या बायका बघू लागल्या, आता काय करतात. पाटलीणबाईंनी पदर सावरला, त्याचे पाय धुतले, ओवाळलं आणि अख्खी पुरणपोळी त्याच्या तोंडात दिली. तेवढ्यात मागून धापा टाकत पाटील आले. त्या त्यांना म्हणाल्या, "दारात आलेल्या बैलाले उपाशी वापस पाठवू काय?" आणि आणखी एक पोळी दिली.

आमच्याकडे संध्याकाळी वेगळाच वाद. आजीने कॅप्टनना पाटावर बसवून कोमट पाण्याने त्यांचे पाय धुवायला घेतले. ते अवघडून पाय मागे घेत होते. पाटील विचारपूस करायला आले होते, खरं म्हणजे आपला मान कोणी घेतला हे ठरवायला. ते म्हणाले, तोरण यंत्रानं नेलं, ते धरायचं नाही, पोळा आपल्या जोडीनंच फुटला असं समजायचं.

आजी पाय पुसत म्हणाली, "काऊन धरायचं नाही? त्याले पाय हायेत, शेपूट हाये, पोटात चारापाणी लागते, वर्षाले कपाशीत राबते. अजून काय पाह्यजे पाटील? शिंगं?"

पाटील उठून घरी गेले. कॅप्टननी सहा पुरणपोळ्या खाल्ल्या, तुपाबरोबर तीन आणि लोणच्याबरोबर तीन. मी एकही खाल्ली नाही. आईने पोट दुखतं का विचारलं. बाबा मात्र रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते आणि एकाच पानाकडे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी, करीला, तालुक्याचे साहेब जीप घेऊन आले. चौकशी शाळेत झाली. बाकांवर गाव, खिडकीत उरलेलं गाव. कॅप्टननी सांगितलं, एक पट्टी सरळ होती, म्हणजे मैदान मोकळं. साहेबांनी विचारलं, खुणेची जबाबदारी कोणाची? बाबा उठून म्हणाले, माझी. पाटलांनी मान हलवली, म्हणजे 'मी आधीच सांगितलं होतं'. साहेबांनी रजिस्टर उघडून मोठ्याने वाचलं: बारा वाजता खूण टाकली. मग विचारलं, कोणती खूण? बाबा म्हणाले, तसं लिहिलेलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या नोंदीत एकही शब्द खोटा नव्हता, आणि ती वाचून दाखवल्यावर मला ती ऐकवेना.

दुसरी पट्टी कुठे, असा प्रश्न निघाला. खिडकीतून कोणी म्हणालं, सरकारी शिक्क्याचं कापड यासीन शिंप्याच्या दुकानात पाहिलं होतं. सगळ्या माना तिकडे वळल्या. यासीन चाचा उभे राहिले. त्यांनी आमच्या घराचं नाव घ्यायचं होतं आणि सुटायचं होतं. ते एवढंच म्हणाले, "कपडा आया, सी दिया, साहेब." साहेबांनी कोणी दिलं विचारलं. चाचा टोपी नीट करत राहिले.

अमरावती मला त्या क्षणी खिडकीबाहेर जाताना दिसली, म्हणजे अगदी गाडीच्या डब्यासारखी. मी उभी राहिले.

"साहेब, दुसरी पट्टी चांद्याच्या पाठीवर आहे. मीच दिली."

"चांद्या कोण?"

"आमचा बैल."

शाळा हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं, खाडा, खोटी नोंद, अर्धी फुली, क्रमाने. मग ते पुरावा जप्त करायला आमच्या अंगणात आले, मागे सगळा गाव. चांद्या झूल घालून रवंथ करत होता. शिपायाने झुलीला हात लावला आणि चांद्याने शिंग हलवलं, फार नाही, बेगड चमकेल एवढंच. शिपाई मागे आला. आजी म्हणाली, आज कर आहे, कर उतरेपर्यंत बैलाचा साज काढत नाहीत, साहेबाले पाह्यजे तर त्यानं स्वतः काढावा. साहेबांनी बैलाकडे पाहिलं आणि पंचनाम्यात लिहिलं की एक पट्टी ताब्यात घेतली, दुसरी बैलाच्या अंगावर असून मागाहून घेण्यात येईल.

शेवटी कॅप्टन चाको बोलले. ते म्हणाले, मैदानाजवळ माणसं दिसली तर खूण काहीही असो, वरून दोन फेऱ्या मारून मगच उतरायचं असा नियम आहे. त्यांनी एकही मारली नाही. का, असं साहेबांनी विचारलं. कॅप्टननी टेंगळाला हात लावला. ते म्हणाले, माझ्यासाठी आजवर कोणी ढोल वाजवला नव्हता. मला घाई झाली. हे त्यांनी स्वतःच्या अहवालातही लिहिलं, तशाच शब्दांत नसेल कदाचित. ठपका आला तो त्यांच्यावर निम्मा आणि 'सणामुळे उद्भवलेल्या परिस्थिती'वर निम्मा. विमान सुटं करून ट्रकवर घालून नेलं. कॅप्टन जाताना आजीच्या पाया पडले आणि आजीने त्यांच्या तोंडात गूळ घातला, अगदी बैलाला घालते तसा, हात पुढे करून.

बाबा दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचून झाल्यावर त्यांनी ते घडी करून ठेवलं आणि म्हणाले, "जूनमध्ये तू अमरावतीला जातेस."

मी म्हणाले, पण नोंद.

"नोंद वाईटच होती," ते म्हणाले. "पण तुला इथे ठेवणं गावाला परवडणार नाही. अमरावतीत गायरान नाही." मग चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता, "आणि यासीनभाईंच्या आधी उठायला हवं होतंस."

हे शेवटचं वाक्य मी अजून बरोबर बाळगते. डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर आत काय आहे तेच नव्हे, किती आहे आणि कधी भरलं तेही मी लिहिते, ते त्या नोंदीमुळे. पुढच्या वर्षी पोळ्याला पाटलांची जोडी पुन्हा सगळ्यांत पुढे होती आणि आमची सगळ्यांत मागे. एका विमानाने गाव सुधारत नसतं. पण पाटलीणबाई त्यानंतर दर पोळ्याला, आमची जोडी कितीही उशिरा येवो, चांद्यासाठी एक पोळी बाजूला काढून ठेवत, आणि चांद्या दर वर्षी आपणहून तिकडे वळे. बाबांनी पट्टी परत कोणाकडे द्यायची हे विचारणारी तीन पत्रं तालुक्याला लिहिली. उत्तर आलं नाही.

आता गायरानात पाण्याची टाकी आहे आणि तारेचं कुंपण. डबकं बुजवलं. कडुनिंबांपैकी एक उभा आहे. शाळेची घंटा शाळेतच आहे, ठोका अजून चांगला देते. झूल माझ्याकडे आहे, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, नॅफ्थलीनच्या गोळ्या घालून. एक गोंडा गेला आहे, शिक्का फिकट झाला आहे. यासीन चाचांचा धावदोरा अजून ओढलेला नाही.